मारिओ मोनिचेल्ली (१९१५–२०१०) : इटालियन विनोदी चित्रपट आणि सामान्य माणसाचा इतिहास

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हणून शिलालेख, दफ्तरे, पत्रव्यवहार आणि वृत्तपत्रे यांना दीर्घकाळ प्राधान्य मिळाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्रपटाकडेही साधन म्हणून पाहिले जाऊ लागले. फ्रेंच इतिहासकार मार्क फेरो यांनी १९७० च्या दशकात या विचाराला शास्त्रीय बैठक दिली. ऐतिहासिक विषयावरील चित्रपट ज्या काळाचे चित्रण करतो, त्यापेक्षा ज्या काळात तो निर्माण झाला त्या काळाविषयी अधिक सांगतो, हे सूत्र आता सर्वमान्य झाले आहे. तथापि या दृष्टीने अभ्यास करताना गंभीर चित्रपटांची निवड होते आणि विनोदी चित्रपट करमणुकीच्या खात्यावर टाकला जातो. इटलीच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकणारी आहे.

भारतीय अभ्यासकाला इटालियन चित्रपटाचा परिचय प्रामुख्याने नववास्तववादाच्या द्वारे झाला. १९५२ साली मुंबईत भरलेल्या भारतातील पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्हज' दाखविला गेला आणि बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन' (१९५३) या चित्रपटावरील त्याच्या प्रभावाची चर्चा आजही होते. मात्र नववास्तववादाची लाट ओसरल्यावर तेच दारिद्र्य, तीच बेकारी आणि तोच सामान्य माणूस इटलीच्या विनोदी चित्रपटात वावरत राहिला, याकडे आपल्याकडे फारसे लक्ष गेले नाही. या विनोदी परंपरेतील अग्रगण्य दिग्दर्शक मारिओ मोनिचेल्ली यांच्या जीवनाचा व कार्याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे

१. मोनिचेल्ली यांच्या जीवनाचा व चित्रपटकार्याचा कालक्रमानुसार आढावा घेणे.
२. त्यांच्या निवडक चित्रपटांचा तत्कालीन इटलीच्या सामाजिक व राजकीय परिस्थितीशी असलेला संबंध तपासणे.
३. इतिहासाचे साधन म्हणून विनोदी चित्रपटाचे महत्त्व व त्याच्या मर्यादा स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. मोनिचेल्ली यांनी १९३४ ते २००६ या ७२ वर्षांच्या काळात विपुल चित्रपटनिर्मिती केली. त्या सर्वांचा परामर्श एका लेखात घेणे शक्य नसल्याने इतिहासाशी थेट नाते सांगणाऱ्या कृतींवर भर दिला आहे.

जडणघडण

मोनिचेल्ली यांचा जन्म १६ मे १९१५ रोजी रोम येथे झाला. बालपणाचा काही काळ तोस्काना प्रांतातील व्हिआरेज्जो या सागरकिनारीच्या शहरात गेल्यामुळे त्यांचे जन्मस्थान म्हणून त्याच शहराचा उल्लेख बराच काळ होत राहिला. वडील तोमाझो मोनिचेल्ली हे पत्रकार होते. आत्या आंद्रेईना यांचा विवाह प्रसिद्ध प्रकाशक आर्नोल्दो मोन्दादोरी यांच्याशी झाला होता. छापील शब्दाचे असे वातावरण घरातच होते. वडिलांनी १९४६ साली आत्महत्या केली. मोनिचेल्ली यांच्या चित्रपटांत हसता हसता मृत्यू अचानक समोर येतो. त्याचा संबंध या घटनेशी जोडण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु अशा अनुमानापेक्षा चित्रपटांतील पुरावा अधिक विश्वसनीय ठरतो.

पिसा विद्यापीठात शिकत असलेल्या या तरुणाने १९३४ साली आतेभाऊ आल्बेर्तो मोन्दादोरी यांच्यासमवेत एडगर ॲलन पो यांच्या कथेवर एक लघुपट केला. पुढील वर्षी दोघांनी हंगेरियन लेखक फेरेन्त्स मोल्नार यांच्या मुलांसाठीच्या कादंबरीवर आधारित चित्रपट तयार केला. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला हौशी विभागात पारितोषिक मिळाले आणि व्यावसायिक चित्रपटसृष्टीचे दार उघडले. त्यानंतरचे दशक उमेदवारीचे होते. गुस्ताव्ह माखाटी, आउगुस्तो जेनीना आदी दिग्दर्शकांचे साहाय्यक म्हणून मोनिचेल्ली यांनी चित्रीकरणस्थळावरील सर्व प्रकारची कामे केली. महायुद्धानंतर ते पटकथालेखनाकडे वळले. पिएत्रो जेर्मी यांच्या 'इन नोमे देल्ला लेज्जे' (१९४९) या सिसिलीतील गुन्हेगारी व न्याय यांवरील चित्रपटाच्या लेखनात त्यांचा वाटा होता. चित्रपट ही मुळात लेखकांनी एका टेबलाभोवती बसून घडविण्याची गोष्ट आहे, ही त्यांची धारणा याच काळात पक्की झाली. पुढे आजे व स्कार्पेल्ली ही लेखकजोडी आणि पटकथालेखिका सुझो चेक्की दामीको यांच्याशी त्यांचे सहकार्य अनेक दशके टिकले.

तोतो, स्तेनो आणि सेन्सॉर

१९४९ साली स्तेनो या नावाने प्रसिद्ध असलेल्या स्तेफानो वान्झिना यांच्यासह मोनिचेल्ली यांनी 'तोतो चेर्का काजा' म्हणजे 'तोतो घर शोधतो' हा चित्रपट दिग्दर्शित केला. मुख्य भूमिकेत नेपल्सचा लोकप्रिय विनोदी नट तोतो होता. बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या शहरांत घरांची भीषण टंचाई होती. चित्रपटातील कुटुंब कधी शाळेच्या वर्गात, तर कधी स्मशानभूमीत संसार मांडते. प्रहसनाचा बाज राखूनही प्रेक्षकाच्या रोजच्या यातनेला त्यात वाचा फुटली होती.

'ग्वार्दिए ए लाद्री' म्हणजे 'पोलीस आणि चोर' (१९५१) या चित्रपटाने ही वाट अधिक ठळक केली. आल्दो फाब्रिझी याने रंगविलेल्या स्थूल पोलिसाच्या हातून एक किरकोळ भामटा निसटतो. ठराविक मुदतीत त्याला पकडले नाही तर पोलिसाचीच नोकरी जाणार असते. शोधाच्या निमित्ताने दोघांच्या कुटुंबांचा स्नेह जमतो आणि दोघांच्याही घरी महिनाअखेरची तीच ओढाताण असल्याचे उघड होते. शेवटी चोर स्वतःहून तुरुंगाकडे निघतो आणि मागे रेंगाळणाऱ्या पोलिसालाच ओढून नेतो. कायद्याची दोन टोके येथे एकाच दारिद्र्याच्या पातळीवर येतात. १९५२ च्या कान महोत्सवात या चित्रपटाच्या पटकथेला पारितोषिक मिळाले.

हे साम्य सत्ताधाऱ्यांना रुचणारे नव्हते. १९४८ च्या निवडणुकीनंतर ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाची सत्ता स्थिर झाली होती आणि चित्रपटांवरील सरकारी नियंत्रण कडक होते. मोनिचेल्ली यांनी स्वतंत्रपणे दिग्दर्शित केलेल्या 'तोतो ए कारोलीना' या चित्रपटाला याची झळ बसली. यातील पोलीस शिपायावर एका गरोदर, निराधार मुलीला तिच्या गावी पोहोचविण्याची जबाबदारी येते. तिला आसरा द्यायला कोणीच तयार होत नाही. पोलिसाला हास्यास्पद दाखविणे, आत्महत्येचा उल्लेख आणि ट्रकमधून लाल गाणे गात जाणारे कम्युनिस्ट यांवर आक्षेप घेण्यात आला. १९५३ मध्ये तयार झालेला चित्रपट अनेक काटछाटींनंतर १९५५ मध्ये प्रदर्शित झाला. गंभीर चित्रपटापेक्षा विनोदी चित्रपट निरुपद्रवी असतो ही समजूत सेन्सॉरची तरी नव्हती, हे या प्रकरणावरून सिद्ध होते.

'इ सोलिती इन्योती' : भुकेचा पंचनामा

१९५८ साली आलेल्या 'इ सोलिती इन्योती' या चित्रपटापासून 'कोमेदिया आल्लितालियाना' म्हणजे इटालियन पद्धतीच्या विनोदी चित्रपटाच्या युगाची सुरुवात मानली जाते. ही संज्ञा रूढ झाली ती मात्र जेर्मी यांच्या 'दिव्होर्त्सिओ आल्लितालियाना' (१९६१) या चित्रपटाच्या नावावरून. 'इ सोलिती इन्योती' हा पोलीस व वृत्तपत्रे यांच्या भाषेतील शब्दप्रयोग असून 'नेहमीचेच अज्ञात इसम' असा त्याचा अर्थ सांगता येईल. रोमच्या बाहेरील वस्त्यांतील काही उनाड माणसे एका गहाणपेढीची तिजोरी फोडण्याचा बेत आखतात. फ्रान्समध्ये त्या काळी गाजलेल्या 'रिफिफी' (१९५५) या दरोड्याच्या चित्रपटाचे हे विडंबन होते. शास्त्रशुद्ध दरोड्याची कल्पना या अडाणी टोळीच्या डोक्यात शिरते आणि तिची जी दशा होते, तीच या चित्रपटाची कथा आहे.

पात्रयोजनेत मोनिचेल्ली यांनी धाडस दाखविले. शोकात्म नाटकांतील नट म्हणून ख्यातनाम असलेल्या व्हित्तोरिओ गासमन यांना त्यांनी तोतरा, बढाईखोर मुष्टियोद्धा केले. त्यासाठी त्यांचे नाक व कपाळ रंगभूषेने बदलावे लागले. मार्चेल्लो मास्त्रोयान्नी याने कॅमेरा गहाण टाकलेला आणि तान्हे मूल सांभाळणारा छायाचित्रकार साकारला. तोतोला तिजोरी फोडण्याचे धडे देणाऱ्या वृद्ध 'प्राध्यापका'ची छोटी भूमिका मिळाली. जुन्या प्रहसनाने नव्या विनोदी चित्रपटाच्या हाती सूत्रे सोपविल्याचे जणू हे प्रतीकच होते. टोळीतील प्रत्येकाची बोली निराळी आहे. सिसिलीचा मत्सरी भाऊ रंगविणारा तिबेरिओ मुर्जा प्रत्यक्षात सार्दिनियाचा होता. देशाचे राजकीय एकीकरण होऊन शंभर वर्षे होत आली तरी इटालियन माणसे एकमेकांच्या बोलीला हसत होती, हे वास्तव या योजनेतून सहज व्यक्त होते.

अखेरच्या रात्री टोळी भिंत फोडते. परंतु ती चुकीची भिंत निघते आणि सगळे शेजारच्या स्वयंपाकघरात पोहोचतात. तेथे हरभऱ्याच्या उसळीत शिजवलेला पास्ता तयार असतो. तिजोरी विसरून टोळी जेवायला बसते. इटलीच्या संसदेने १९५१ ते १९५४ या काळात देशातील दारिद्र्याची चौकशी केली होती. चित्रपट आला तेव्हा तथाकथित 'आर्थिक चमत्कारा'स प्रारंभ झाला होता आणि उत्तर इटलीतील कारखान्यांचे उत्पादन वेगाने वाढत होते. या समृद्धीच्या उंबरठ्यावर मोनिचेल्ली यांची माणसे अजून पोटभर जेवणापाशीच अडखळलेली आहेत. टोळीतून बाहेर पडलेला कोझिमो पर्स हिसकावताना ट्रामखाली मरतो. विनोदी चित्रपटात असा खराखुरा मृत्यू येणे त्या काळी नवे होते. शेवटी मजुरांच्या गर्दीत लोटला गेलेला मुष्टियोद्धा नाइलाजाने बांधकामावर कामाला लागतो. जन्मभर टाळलेले श्रम हीच त्याची शिक्षा ठरते आणि देशाच्या नव्या भरभराटीतील त्याचे स्थानही तेच असते. सर्वोत्तम परकीय भाषेतील चित्रपट या विभागात ऑस्करसाठी या चित्रपटाचे नामांकन झाले. पुढे अमेरिकेत त्याच्या पुनर्निर्मिती झाल्या आणि १९८६ मध्ये ब्रॉडवेच्या रंगभूमीवर त्यावर आधारित संगीतिकाही आली.

'ला ग्रांदे ग्वेर्रा' : राष्ट्रीय स्मृतीला आव्हान

पहिल्या महायुद्धात इटलीचे सुमारे ६ लाख सैनिक मृत्युमुखी पडले. १९१७ च्या हेमंतात कापोरेत्तो येथे झालेला पराभव ही राष्ट्राच्या मनातील खोल जखम होती. फॅसिस्ट राजवटीने या युद्धाला बलिदानाच्या पुराणकथेचे रूप दिले आणि १९३८ साली रेदिपुल्या येथे एक लाख सैनिकांचे अवशेष असलेले भव्य स्मारक उभारले. राजवट १९४३ मध्ये कोसळली तरी या युद्धाविषयीची तिची भाषा पाठ्यपुस्तकांत व स्मृतिदिनांत टिकून राहिली. 'ला ग्रांदे ग्वेर्रा' म्हणजे 'महायुद्ध' (१९५९) या चित्रपटाने या भाषेलाच हात घातला.

चित्रपटाचे नायक रोमचा ओरेस्ते याकोवाच्ची आणि मिलानचा जोव्हान्नी बुसाक्का हे दोघे कामचुकार व भित्रे शिपाई आहेत. आल्बेर्तो सोर्दी आणि गासमन यांनी त्या भूमिका केल्या. या निवडीची बातमी पसरताच चित्रीकरण सुरू होण्यापूर्वीच वृत्तपत्रांतून निषेधाचा सूर उमटला. हुतात्म्यांच्या स्मृतीची दोन विनोदी पात्रांकडून विटंबना होणार, असा आक्षेप होता. दीनो दे लाउरेन्तीस यांनी निर्माता म्हणून हा प्रकल्प तडीस नेला.

चित्रपटात मोठ्या लढायांपेक्षा चिखल, उवा, पत्रांची प्रतीक्षा आणि निकृष्ट अन्न यांना अधिक जागा आहे. एका प्रसंगी वरिष्ठ अधिकाऱ्यासमोर शिपायांना 'जेवण उत्तम आहे' असे म्हणावे लागते. बोर्दिन नावाचा बहुप्रसव कुटुंबाचा गरीब शिपाई पैशासाठी इतरांच्या वाट्याची धोक्याची कामे अंगावर घेतो आणि मरतो. पुढे रेल्वेस्थानकावर त्याची पत्नी मुलांसह नवऱ्याची चौकशी करते, तेव्हा दोघा मित्रांना तिला मृत्यूची बातमी सांगण्याचे धैर्य होत नाही. ते तिच्या हाती पैसे देऊन निघून जातात. युद्धाचे अर्थशास्त्र या एका प्रसंगात जसे प्रकट होते, तसे ते अनेक पानांच्या आकडेवारीतूनही होत नाही.

अखेरीस दोघे ऑस्ट्रियन सैन्याच्या हाती सापडतात. नदीवरील पुलाच्या जागेविषयी त्यांना माहिती असते आणि ती सांगून प्राण वाचविण्याच्या ते बेतात असतात. तेवढ्यात शत्रूचा अधिकारी इटालियन लोकांच्या शौर्याची टिंगल करतो. बुसाक्का दुखावला जातो, त्याला शिवीगाळ करून मृत्यू पत्करतो. याकोवाच्ची अखेरपर्यंत आपण भित्रे असल्याचे सांगत, गयावया करीत मरतो. पण माहिती देत नाही. लढाई जिंकल्यावर त्यांचा कप्तान समजतो की, ही जोडी नेहमीप्रमाणे या वेळीही पळून गेली असावी. प्रेक्षकाला सत्य ठाऊक असते, पण सैन्याच्या दफ्तरी त्याची नोंद होणार नसते. लिखित साधनांवर विसंबणाऱ्या इतिहासकाराला हा शेवट अंतर्मुख करणारा आहे.

या शेवटाबाबत समीक्षकांत मतभेद आहेत. अंतिम क्षणी शौर्य बहाल करून दिग्दर्शकाने युद्धविरोधी भूमिकेची धार बोथट केली, असा एक आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्यांश आहे. तथापि बुसाक्काला मरणाकडे नेणारी गोष्ट राष्ट्राची हाक नसून अपमानित माणसाचा राग आहे, आणि याकोवाच्चीला तर मरतानाही वीर व्हायचे नाही. या शौर्यावर कोणत्याही स्मारकाला हक्क सांगता येत नाही. व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाला रॉबेर्तो रोस्सेल्लिनी यांच्या 'इल जेनेराले देल्ला रोव्हेरे' या चित्रपटासह सुवर्णसिंह विभागून मिळाला. विनोदी चित्रपटाला कलाकृती म्हणून मिळालेली ही मान्यता महत्त्वाची ठरली.

कामगार, सरदार आणि बदलता समाज

'इ कोम्पान्यी' म्हणजे 'सहकारी' (१९६३) हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या तोरीनो शहरातील कापड गिरणीच्या संपावरील चित्रपट आहे. दिवसाचे १४ तास काम करणारे मजूर एका सहकाऱ्याचा हात यंत्रात सापडल्यावर एकत्र येतात. त्यांचा पहिला लढा म्हणजे सुटीचा भोंगा एक तास आधी वाजविणे. तोही फसतो. फाटक्या कोटातील, सदा भुकेला समाजवादी शिक्षक सिनिगाल्या त्यांना संघटित करतो. मास्त्रोयान्नी याने ही भूमिका संयमाने केली आहे. ओमेरो नावाचा किशोर आपल्या धाकट्या भावाने तरी शिकावे म्हणून त्याला दटावत असतो. संप चिरडला जातो, ओमेरो गोळीला बळी पडतो आणि शेवटच्या दृश्यात तो धाकटा भाऊच गिरणीच्या फाटकातून आत जातो.

१९६२ मध्ये तोरीनो येथे फियाटच्या कामगारांचा मोठा संप आणि जुलैमधील रस्त्यावरील संघर्ष झाले होते. सत्तर वर्षांपूर्वीच्या पराभवाची ही कथा त्या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. इटलीत चित्रपटाला व्यावसायिक यश लाभले नाही. समृद्धीच्या लाटेवर असलेल्या प्रेक्षकाला कदाचित मागे वळून पाहायचे नव्हते. त्याच्या पटकथेचे मात्र ऑस्करसाठी नामांकन झाले.

'लार्माता ब्रांकालेओने' (१९६६) या चित्रपटात मोनिचेल्ली मध्ययुगाकडे वळले. ब्रांकालेओने हा दरिद्री सरदार आणि त्याची भुकेकंगाल पलटण एका चोरलेल्या सनदेच्या आधारे दक्षिणेतील एका जहागिरीचा ताबा घेण्यास निघतात. वाटेत प्लेगने ओस पडलेले नगर लागते, तसेच धर्मयुद्धाला निघालेला वेडसर साधूही भेटतो. जहागीर हाती आल्यावर कळते की, समुद्रमार्गे येणाऱ्या सारासेन हल्लेखोरांपासून तिचे रक्षण करणे ही सनदेतील अट आहे. यासाठी लॅटिन आणि जुन्या बोली यांची सरमिसळ करून एक कृत्रिम भाषा रचण्यात आली. निर्मात्याला धडकी भरविणारा हा प्रयोग प्रेक्षकांनी उचलून धरला. शालेय पुस्तकांतील शूर व धर्मनिष्ठ मध्ययुगाऐवजी येथे उपासमार, रोगराई आणि घाण यांचे मध्ययुग आहे. बेशिस्त व अकुशल समूहासाठी 'ब्रांकालेओनेची पलटण' हा वाक्प्रचार इटालियन भाषेत, विशेषतः राजकीय लिखाणात, रूढ झाला. चित्रपटाने भाषेला दिलेली अशी देणगी विरळाच म्हणावी लागेल.

'ला रागात्सा कोन ला पिस्तोला' (१९६८) मध्ये फसविल्या गेलेल्या सिसिलियन तरुणीला कुळाची अब्रू राखण्यासाठी पिस्तूल घेऊन ब्रिटनला पाठविले जाते. तेथे ती सुडाऐवजी स्वातंत्र्य मिळविते. याच्या थोडे आधी, फ्रांका व्हिओला या सिसिलियन तरुणीने पळवून नेणाऱ्याशी विवाह करण्यास नकार देऊन देशभर खळबळ उडविली होती. अत्याचारी पुरुषाला विवाहाद्वारे शिक्षेतून मुक्त करणारे कलम इटलीत १९८१ पर्यंत कायम होते. विनोदी अभिनेत्री म्हणून मोनिका व्हित्ती यांची नवी ओळख या चित्रपटाने निर्माण केली.

हास्याचा शेवट

१२ डिसेंबर १९६९ रोजी मिलानच्या पिआत्सा फोन्ताना येथील बँकेत झालेल्या बॉम्बस्फोटाने इटलीत हिंसाचाराचे दीर्घ पर्व सुरू झाले. डिसेंबर १९७० मध्ये अतिउजव्या गटाचा सत्ता बळकावण्याचा प्रयत्न फसला. त्यावर मोनिचेल्ली यांनी 'वोल्यामो इ कोलोनेल्ली' (१९७३) हे उघड विडंबन केले. चित्रपटातील कट फसतो, परंतु त्याचे निमित्त करून शासनच दडपशाही वाढविते. मूर्खांच्या कटापेक्षा शहाण्यांनी घेतलेला त्याचा लाभ अधिक धोकादायक असतो, असा त्याचा आशय आहे.

'अमीची मिएई' म्हणजे 'माझे मित्र' (१९७५) ही मूळ कल्पना जेर्मी यांची होती. डिसेंबर १९७४ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर मोनिचेल्ली यांनी दिग्दर्शन केले आणि श्रेयनामावलीत हा चित्रपट जेर्मी यांचा असल्याचे नमूद केले. फ्लॉरेन्समधील पाच प्रौढ मित्र वेळ घालविण्यासाठी निर्दयी खोड्या करतात. सुटणाऱ्या गाडीच्या खिडक्यांतून डोकावणाऱ्या प्रवाशांना फलाटावरून थपडा मारण्याचा प्रसंग सर्वश्रुत आहे. एका मित्राच्या अंत्ययात्रेतही त्यांची थट्टा थांबत नाही. वार्धक्य व मृत्यू यांपासूनचे हे पलायन जितके हसविते, तितकेच अस्वस्थ करते.

व्हिन्चेन्त्सो चेरामी यांच्या कादंबरीवरील 'उन बोर्गेझे पिक्कोलो पिक्कोलो' (१९७७) हा मोनिचेल्ली यांच्या वाटचालीतील निर्णायक टप्पा होय. सोर्दी यांनी रंगविलेला सरकारी कारकून मुलाला नोकरी लागावी म्हणून लाचारीची परिसीमा गाठतो आणि वशिल्यासाठी एका गुप्त मंडळाचा सदस्यही होतो. येथपर्यंत चित्रपट परिचित विनोदी वळणाने जातो. परीक्षेच्या दिवशीच एका दरोड्यात गोळी लागून मुलगा मरतो. कारकून मारेकऱ्याला ओळखतो, पण पोलिसांना सांगत नाही. तो त्याला पळवून नेतो व त्याचा छळ करतो. दोन दशके ज्या क्षुद्र, चतुर, सोयीस्कर माणसाला प्रेक्षकांनी प्रेमाने हसून माफ केले होते, त्याच्याच आत हिंसा दडलेली होती, हे मोनिचेल्ली यांनी त्याच नटाच्या द्वारे दाखविले. पुढच्याच वर्षी माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचे अपहरण व हत्या झाली. इटालियन विनोदी चित्रपटाच्या सुवर्णयुगाचा शेवट अनेक अभ्यासक या चित्रपटापाशी मानतात, ते सयुक्तिक वाटते.

उत्तरायुष्य

मोनिचेल्ली यांची निर्मिती त्यानंतरही थांबली नाही. पोपच्या राजवटीतील रोमच्या एका खोडकर उमरावावरील 'इल मार्केझे देल ग्रिल्लो' (१९८१) या चित्रपटासाठी १९८२ मध्ये बर्लिन महोत्सवात दिग्दर्शनाचे रौप्य अस्वल त्यांना मिळाले. यापूर्वी १९५७ आणि १९७६ मध्येही हा सन्मान त्यांच्याकडे आला होता. त्यांचे चित्रपट पुरुषांच्या टोळ्यांभोवती फिरतात आणि स्त्रियांना दुय्यम स्थान देतात, ही टीका बऱ्याच अंशी रास्त आहे. 'स्पेरियामो के सीया फेम्मिना' म्हणजे 'मुलगीच होवो' (१९८६) या तोस्कानातील शेतघरात एकत्र राहणाऱ्या स्त्रियांच्या कथेने या टीकेला काहीसे उत्तर दिले. 'पारेन्ती सेर्पेन्ती' (१९९२) मध्ये नाताळासाठी जमलेली मुले वृद्ध आईवडिलांची जबाबदारी टाळण्यासाठी कोणत्या थराला जातात, हे दाखविताना त्यांनी इटालियन कुटुंबसंस्थेच्या पावित्र्याचीही गय केली नाही.

१९९१ साली व्हेनिस महोत्सवाने त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह अर्पण केला. २००६ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्यांनी लिबियातील इटालियन सैनिकांवरील 'ले रोझे देल देझेर्तो' हा अखेरचा कथाचित्रपट पूर्ण केला. दुसऱ्या महायुद्धात वाळवंटात विसरल्या गेलेल्या वैद्यकीय तुकडीची ही कथा त्यांच्या पहिल्या युद्धपटाशी नाते सांगते. उतारवयातही ते सार्वजनिक प्रश्नांवर परखडपणे बोलत राहिले. आशा हा सत्ताधाऱ्यांनी जनतेला अडकविण्यासाठी लावलेला सापळा आहे, या आशयाचे २०१० मधील त्यांचे प्रतिपादन इटलीत खूप गाजले. असाध्य कर्करोगाने ग्रस्त असताना २९ नोव्हेंबर २०१० रोजी रोममधील रुग्णालयात त्यांनी स्वतःहून जीवन संपविले. त्या वेळी ते ९५ वर्षांचे होते.

निष्कर्ष

१. मोनिचेल्ली यांच्या चित्रपटांची मूळ रचना एकच आहे. काही दुबळी माणसे एकत्र येऊन आपल्या कुवतीबाहेरचे कार्य हाती घेतात आणि अपयशी ठरतात. दरोडा, युद्ध, संप व जहागीर ही या रचनेचीच रूपे होत. विजेत्यांच्या इतिहासात ज्यांना स्थान नाही अशांचा इतिहास त्यातून साकार होतो.

२. त्यांचे ऐतिहासिक चित्रपट भूतकाळाबरोबरच निर्मितीकाळाचेही साधन आहेत. 'ला ग्रांदे ग्वेर्रा' मधून १९१७ पेक्षा १९५९ च्या इटलीतील स्मृतीचा संघर्ष अधिक स्पष्ट होतो. चित्रीकरणापूर्वीचा वाद हा त्या अभ्यासाचा अविभाज्य भाग मानला पाहिजे.

३. विनोदी चित्रपट साधन म्हणून वापरताना सावधगिरी आवश्यक आहे. प्रादेशिक साचे, अतिशयोक्ती आणि पुरुषकेंद्री दृष्टी यांमुळे त्यातील चित्र एकांगी होऊ शकते. सेन्सॉरचे निर्णय, वृत्तपत्रीय प्रतिक्रिया व सामाजिक कायदे यांच्याशी ते ताडून पाहणे इष्ट ठरते.

४. मोनिचेल्ली यांनी हास्याचा उपयोग सांत्वनासाठी केला नाही. त्यांच्या चित्रपटात पराभूतांना न्याय मिळत नाही, केवळ साक्षीदार मिळतो. याकोवाच्ची व बुसाक्का यांचे बलिदान कप्तानाला कधीच कळत नाही, ते प्रेक्षकाला कळते. दफ्तरात नसलेल्या माणसांची नोंद घेण्याची ही जबाबदारी प्रेक्षकाइतकीच इतिहासाच्या अभ्यासकाचीही आहे.